यंत्राला कातडी शिवताना

आमच्या काकूच्या बोटांवर आता ठसे नाहीत. काजूचा चीक वर्षानुवर्षं लागून ते झिजले, उलले, गेले. रेशनच्या दुकानात ती यंत्रावर अंगठा ठेवते, तो जुळत नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. मागं रांग खोळंबलेली. एका महिन्यात तिला तीन खेपा घालाव्या लागल्या आणि तिसऱ्या खेपेलाही ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाडीत अशा बोटांच्या दहा-बारा जणी तरी आहेत.

हे सांगण्याचं कारण असं की गेली काही वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये यंत्रमानवासाठी कातडी तयार करण्याचा उद्योग जोरात चालू आहे. यंत्रमानवाला डोळे कधीच मिळाले. कॅमेरा स्वस्त झाला, चित्र ओळखणं संगणक शिकला. पण वस्तू हातात घेऊन ती काच आहे की प्लास्टिक, लाकूड आहे की पुठ्ठा, पिकलेली आहे की कच्ची, हे कळायला डोळे पुरत नाहीत. त्यासाठी त्याच्या पंज्यावर संवेदना देणारं आवरण चढवायचं, आणि ते रबराचं किंवा सिलिकॉनचं न करता कापडाचं करायचं, ही त्यातली मला सर्वांत आशेची वाटणारी वाट आहे. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्यामुळे या विषयाकडे माझं लक्ष धंद्यापायी गेलं. पण तो मनात घर करून बसला तो काकूच्या हातांमुळे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ही कातडी कुणाकडून तरी शिकल्याशिवाय काही ओळखू शकत नाही. ती कोकणात येईल तेव्हा ज्यांच्या हातांकडून ती शिकेल, त्या बायांना शिक्षकाचा मान, शिक्षकाचा मोबदला आणि शिकवलेल्यावर हक्क मिळाला पाहिजे, आणि ही व्यवस्था यंत्र येण्याच्या आधी झाली पाहिजे.

कापडाची कातडी चालते कशी? तीन-चार थर असतात. वरचा थर वस्तूला शिवतो. त्याखाली चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्यासारखा वीज वाहून नेणारा धागा विणलेला किंवा शिवलेला असतो. काही रचनांमध्ये मधे एक असा थर घालतात की दाब पडला की त्याचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून किती जोरानं धरलं ते कळतं. पदार्थ कोणता हे ओळखायची युक्ती मात्र फार जुन्या अनुभवावर उभी आहे. केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आपण सगळ्यांनी केलेला आहे. दोन निराळे पदार्थ एकमेकांना टेकून सुटले की थोडा विद्युतभार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. काच, नायलॉन, लोकर यांचा कल धन भाराकडे. पॉलिथिन, पीव्हीसी, टेफ्लॉन यांचा ऋण भाराकडे. सुती कापड आणि लाकूड मधे कुठंतरी. वस्तूला कापड टेकतं आणि सुटतं तेव्हा धाग्यातून विजेचा एक बारीक झटका जातो. त्याची उंची, रुंदी, उतरण्याची गती पदार्थागणिक वेगळी असते. असे हजारो झटके संगणकाला दाखवून ‘हा काचेचा, हा लोकरीचा’ असं सांगत राहिलं की तो पुढचा झटका पाहून पदार्थाचं नाव सांगतो. २०१२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक इथं झोंग लिन वांग यांच्या गटानं या घर्षणविजेवर चालणारी इवलीशी जनित्रं बनवली, आणि तेव्हापासून या वाटेनं पुष्कळ माणसं चालू लागली. आठ-दहा पदार्थांत नव्वद टक्क्यांपुढची अचूकता नोंदवणारे शोधनिबंध आता सर्रास दिसतात.

कापडच का, याचं उत्तर शिंप्यालाही पटेल. कापड बोटाभोवती वळतं, सांध्यावर दुमडतं, हवा जाऊ देतं, फाटलं तर रफू होतं, मळलं तर काही रचनांमध्ये धुताही येतं. आणि ते शिवायला कोट्यवधींचा चिपचा कारखाना लागत नाही.

आता कोकणाकडे येऊ. पुण्या-नाशकात डिसेंबरात अंगातला स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, अंधार असेल तर ठिणगीही दिसते. आमच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला हे क्वचितच ठाऊक असतं. दमट हवेत साचलेला भार टिकत नाही, पृष्ठभागावरच्या ओलाव्याच्या पातळ थरातून तो निसटून जातो. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास घुटमळते. त्या दिवसांत आमच्याकडे मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, चपलांवर बुरशी धरते, भिंतींना घाम फुटतो. अशा हवेत ही कातडी काय करील?

मी हे विद्यार्थ्यांना घेऊन करून पाहिलं. वीजवाहक कापडाची पट्टी, वर टेफ्लॉनची टेप, आणि ऑसिलोस्कोप. आणि विजेचे झटके पडद्यावर रेषेत दाखवणारं हे शेवटचं यंत्र, एवढीच सामग्री. जानेवारीत काच, पॉलिथिन, सुती धडपा, लाकूड, सगळ्यांचे झटके पडद्यावर वेगवेगळे दिसत होते. पोरं टाळ्या वाजवत होती. तोच संच जुलैत बाहेर काढला तर पडद्यावर जेमतेम थरथर. काच आणि लाकूड यांत फरक करावा असं काही उरलंच नाही. हेअर ड्रायरनं पट्टी सुकवली की झटके परत यायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा मावळायचे. आमचा संच अगदी साधा होता हे मान्य. चांगल्या प्रयोगशाळा कापडावर पाणी न धरणारा लेप देतात, थर सीलबंद करतात, दाब आणि तापमान मोजणारे धागे जोडीला देतात. तरीही मुद्दा राहतोच. वातानुकूलित खोलीत कोरड्या, स्वच्छ चौकोनी तुकड्यांवर शिकलेली कातडी काजूच्या तेलात, माशाच्या खवल्यांत आणि खाऱ्या वाऱ्यात आणून सोडली तर तिला पुन्हा पहिलीपासून शिकावं लागेल. ते शिक्षण इथंच होऊ शकतं. आणि इथं शिकवणार कोण?

फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांचा हंगाम असतो. हिरवी बी फोडून आतला गर अख्खा काढायचा. गर मोडला तर त्याला भाव नाही. शेकड्यावर विक्री होते. बिया वरून सगळ्या सारख्याच दिसतात, पण काकू टोपलीतून बी उचलतानाच ठरवते की हिच्यात गर भरलाय, आणि ही अजून पाणचट आहे, दोन दिवस थांबायला हवं होतं. मी एकदा वही घेऊन तिच्यासमोर बसलो होतो. कसं कळतं, किती दाबतेस, काय जाणवतं, असं विचारत राहिलो. ती वैतागून म्हणाली, “बोटांक कळता, माका काय इचारतस?”

तिच्या बोटांना जे कळतं त्यामागची यंत्रणा आता विज्ञानाला बरीच उलगडली आहे. माणसाच्या एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारी सुमारे १७,००० ग्राहकं असतात. काही दाब टिपतात, काही थरथर, काही कातडीचं ताणलं जाणं. पेशीच्या पातळीवर दाबाचं रूपांतर संदेशात कसं होतं हे शोधल्याबद्दल आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या आणि संपूर्ण सपाट पृष्ठभाग यांतला फरक माणसाच्या बोटाला कळतो. डोळ्याला तो दिसणं शक्यच नाही. पण १७,००० ग्राहकं माझ्याही हातात आहेत, आणि मला पाणचट बी ओळखता येत नाही. काकूला येते, कारण चाळीस वर्षं तिनं हातानं अभ्यास केला आहे. आपल्याकडे या अभ्यासाला ‘सवय’ म्हणतात, आणि सवयीला कुणी पगार देत नाही.

या अभ्यासाची फी तिनं कातडीनं भरली आहे. काजूच्या टरफलातल्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असतं. बिब्बा उतला म्हणजे काय होतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. ओल्या बीचा चीक त्या तेलासकट हाताला लागतो, कातडी काळी पडते, सोलवटते, खाली गुलाबी मांस दिसतं. काकू आधी खोबरेल चोळते, वर चुलीतली राख लावते, आणि तरी हंगाम संपेपर्यंत तिला हातानं कालवून जेवता येत नाही. चमच्यानं जेवते. कारखान्यातल्या कामात बी वाफवून घेतल्यानं त्रास कमी होतो, पण संपत नाही.

म्हणूनच ‘यंत्राला आमच्या बायांच्या हाताची सर कधी यायची नाही’ असं अभिमानानं बोलणाऱ्या आपल्याच माणसांचं मला पटत नाही. जो हात सोलवटून निघतो, त्याचं कौतुक करत त्याला तिथंच ठेवणं हे मला निष्ठुरपणाचं वाटतं. बी फोडायचं काम उद्या यंत्राच्या पंज्यानं केलं तर मला आनंदच होईल. माझं भांडण यंत्राशी नाहीच. ते शिकून झाल्यावर शिकवणारीला विसरलं जातं, त्याच्याशी आहे.

विसरलं जातं हे मी आमच्या घरात पाहिलेलं आहे. माझे आजोबा मुंबईत परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, होते. कोकणातल्या हजारो घरांसारखं आमचंही घर मनीऑर्डरवर चाललं. आजोबा गावी आले की कापडाच्या दुकानात ठाण अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चोळायचे आणि सुताचा नंबर सांगायचे, ताण्यात खोट आहे की बाण्यात ते सांगायचे. पोत या शब्दाचा अर्थ मला त्यांच्या बोटांवरून कळला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आजोबा त्यानंतर कायमचे गावी आले. पुढची वीस वर्षं त्यांनी दारातल्या माडांना पाणी घातलं. त्यांच्या बोटांत जे होतं ते कुणी लिहून घेतलं नाही, मोजलं नाही, विचारलं नाही. आज कापडाची कातडी शिवणाऱ्या संशोधकाला कापडाचा पोत अंकांत मांडायला किती सायास पडतात ते वाचतो तेव्हा मला आजोबांची ती दोन बोटं आठवतात.

असं होणं अटळ नव्हतं. जपानमध्ये त्याच्या दहा वर्षं आधी नेमकं उलट घडलं होतं. क्योटोचे प्राध्यापक सुएओ कावाबाता यांना कापडाचा ‘हात’, म्हणजे हाताला लागणारा त्याचा गुण, यंत्रानं मोजायचा होता. त्यांनी सुरुवात यंत्रापासून केली नाही. १९७२ मध्ये त्यांनी एक समिती उभी केली आणि गिरण्यांमध्ये वर्षानुवर्षं कापड चोळून त्याची प्रत ठरवणाऱ्या तज्ज्ञांना तिच्यात बसवलं. त्यांच्या हाती कापडांचे तुकडे दिले आणि विचारलं: तुम्ही काय शोधता? त्याला तुमच्यात काय म्हणतात? त्यांचेच शब्द प्रमाण मानले गेले. कोशी म्हणजे वाकवलं की जाणवणारा ताठपणा. नुमेरी म्हणजे मऊ, ओशट वाटावा असा गुळगुळीतपणा. फुकुरामी म्हणजे हातात भरून येणारा फुगीरपणा. प्रत्येक गुणाला तज्ज्ञांनी अंक दिले, नमुन्यांचे संच छापून प्रसिद्ध झाले. मग कावाबातांनी ताण, वाक, दाब, घर्षण, खडबडीतपणा मोजणारी उपकरणं बनवली आणि त्यांची मोजमापं तज्ज्ञांच्या अंकांशी जुळवली. आजही जगभरच्या वस्त्रप्रयोगशाळांमध्ये ही पद्धत वापरतात. यंत्र तिथंही आलंच, पण ते कारागिराच्या शब्दांत बोलायला शिकून आलं.

मराठीत आणि मालवणीत हे शब्द थोडे नाहीत. मऊ म्हटलं की झालं असं आपलं कधीच नव्हतं. लुसलुशीत पालवी, मऊसूत भात, भुसभुशीत माती, लिबलिबीत झालेला आंबा, बुळबुळीत शेवाळ, गिळगिळीत म्हाकूल, वातड झालेली भाकरी, चामट गर, ठिसूळ फांदी, रवाळ तूप, खरखरीत सुकट. यातला प्रत्येक शब्द दाब, ओलावा, घर्षण आणि तुटण्याची रीत यांचं एक वेगळं मिश्रण सांगतो. बरका फणस आणि कापा फणस यांत फरक करणाऱ्या भाषेला यंत्राला द्यायचे शब्द परक्याकडून आणायची गरज नाही. संगणकाला शिकवताना प्रत्येक झटक्यावर एक नाव चिकटवावं लागतं. ते नाव ‘नमुना क्रमांक सात’ असावं की ‘पाणचट’ असावं? पहिल्या नावातून काकूचं सगळं ज्ञान गळून जातं. दुसऱ्यात ते शाबूत राहतं, आणि उद्या दुसऱ्या गावातली दुसरी बाई ते तपासू शकते, ‘हे पाणचट नाही, हे कोवळं’ असं म्हणून दुरुस्त करू शकते.

कुणाला वाटेल, मी फार दूरच्या भविष्यावर बोलतो आहे. नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एका विणलेल्या हातमोज्याची माहिती प्रसिद्ध केली. मोज्यावर दाबाला प्रतिसाद देणारा पातळ पापुद्रा आणि वीजवाहक धाग्यांचं जाळं, मिळून ५४८ संवेदक. साहित्याचा खर्च सुमारे दहा डॉलर. तो मोजा घालून माणसानं २६ वस्तू हाताळल्या आणि संगणक त्या दाबांच्या आकृत्यांवरून वस्तू ओळखायला शिकला. मोजा काय टिपतो हे इथं नीट पाहण्यासारखं आहे. वस्तू तर तो टिपतोच, पण धरण्याची रीतही टिपतो: कुठलं बोट आधी, जोर कुठं, कधी सैल सोडायचं. असाच मोजा एखादी कंपनी उद्या आमच्या वाडीत घेऊन आली आणि म्हणाली, बाई, आठ दिवस हा घालून काजू काढा, रोजचे पैसे देऊ, तर कोण नाही म्हणेल? आठ दिवसांनी मोजा जाईल. त्याच्याबरोबर चाळीस वर्षं जातील. त्यावर बनलेलं यंत्र परत येईल तेव्हा ते विकत घ्यावं लागेल.

कायदा इथं काय म्हणतो? फारसं काही नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वेंगुर्ल्याच्या काजूलाही आहे. पण मानांकन राखतं ते फळाचं नाव. आढीत पेंढ्याखाली हात घालून उद्या कुठला आंबा तयार होईल ते सांगणाऱ्या हाताला ते लागू नाही. हळदीच्या औषधी वापरावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं, भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं लढून ते १९९७ मध्ये रद्द करवलं, आणि त्यातून जागं होऊन आपण २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं अंकीय ग्रंथालय उभं केलं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं तर वनस्पतीच्या ज्ञानाच्या व्यापारी वापरातून लोकांना लाभाचा वाटा देण्याचं तत्त्व मान्य केलं, गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या. तत्त्व आपल्याकडे आहे. फक्त ते पाल्याच्या रसापर्यंत येऊन थांबतं. तो पाला ओळखणाऱ्या बोटापर्यंत पोहोचत नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा माणसाची ओळख पटणाऱ्या माहितीसाठी आहे. मोज्यातल्या नोंदींवरचं नाव पुसलं की तोही मधून बाजूला होतो. आणि काकूचा अंगठा तर तसाही कुठल्या यंत्राला ओळखू येत नाही.

यावर दोन आक्षेप मला वर्गातही ऐकू येतात. पहिला: इतक्या अटी घातल्या तर संशोधन इथं येणारच नाही, दुसरीकडे जाईल. मला वाटतं, दमट हवा, तेल, मीठ आणि चीक यांत टिकणारी कातडी ज्याला हवी आहे त्याला असल्या हवेत यावंच लागेल, आणि अशा जागी जाणती माणसं कुठंही फुकट मिळू नयेत. पारखणारा हात आहे म्हणून इथं यायचं, आणि त्याचा भाव विचारला की निघून जायचं, अशा पाहुण्यासाठी मी तरी दार उघडं ठेवणार नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. बायांचं कामच गेलं तर? किलोमागे मिळणारे पैसे थोडे असतील, पण ते त्यांच्या हातात येतात. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढं मात्र पाहिलं आहे की यंत्र येताना त्याच्या अटी ठरल्या नाहीत तर नंतर ठरवणं फार महाग पडतं. किनाऱ्यावर मासळीचा अख्खा थवा वेढून घेणारी पर्ससीन जाळी आली, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या वाट्याची मासळी आटली, भांडणं झाली, बंदरांवर पोलीस आले, आणि २०१६ मध्ये सरकारला निर्बंध घालावे लागले. तोपर्यंत ज्यांची कर्जं बुडायची ती बुडाली होती, आणि निर्बंध पाळले जातात की नाही यावर भांडण अजून चालूच आहे. काजूत तसं होऊ नये. बी फोडणं आणि चीक लागणारी कामं आधी यंत्राकडे जावीत. प्रत ठरवणं, यंत्राची चूक पकडणं, दर हंगामात त्याला नव्यानं शिकवणं ही कामं हातांकडेच ठेवता येतात, आणि त्यांना जास्त दर देता येतो. झाडं बदलतात, वेंगुर्ला-४ या जातीची बी आणि वेंगुर्ला-७ ची बी सारखी नसते, पाऊस लांबला की गराचा ओलावा बदलतो. एकदा शिकवून यंत्र कायमचं शहाणं होत नाही.

हे करण्यासाठी आपल्याकडे संस्था नाहीत असंही नाही. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्यात कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काजूच्या जाती दिल्या. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, जिथं ताज्या बांगड्यावर बोट दाबलं की खळगा लगेच भरून येतो आणि शिळ्यावर तसाच राहतो, हे पुस्तकात शिकवतात. बंदरावरच्या बायका ते रोज करतात. कापसाचं तंत्रज्ञान पाहणारी माटुंग्याची केंद्रीय संस्था १९२४ पासूनची, धागा आणि पोत हा तिचा रोजचा विषय. काजू मंडळाची घोषणा राज्यानं २०२३ च्या अर्थसंकल्पात केली. या सगळ्यांनी मिळून कोकणातल्या स्पर्शाची एक सार्वजनिक नोंदवही का करू नये? काजू, आंबा, कोकम, मासळी, काथ्या, जाळ्याचं सूत, यांचे झटके आणि दाब जानेवारीत आणि जुलैत दोन्ही वेळा टिपायचे. शेजारी त्या हातांनी दिलेले शब्द लिहायचे. नोंद करणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी नव्हे, तज्ज्ञाचं मानधन द्यायचं. नोंदवहीतून कुणी व्यापारी यंत्र बनवलं तर त्यातला वाटा गावाकडे यायचा. आणि अशा यंत्राला सरकारी अनुदान हवं असेल तर ते कुणाकडून शिकलं हे त्यावर छापलेलं असायचं. मोजे शिवायला आपल्याच बचत गटातल्या शिवणयंत्रावर बसणाऱ्या मुली आहेत. वीजवाहक धागा त्यांना दोन दिवसांत जमतो, मी पाहिलेलं आहे.

काकूला मी हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मधे गर काढत होती. मग म्हणाली, “शिकवीन मी. पण बसान शिकवूक माझो दीस मोडतलो, त्या दिसाचे पैशे कोण देतलो?” विद्यापीठाच्या आणि मंडळाच्या बैठकांमध्ये हाच प्रश्न पहिला यायला हवा, आणि त्याचं उत्तर कागदावर झाल्याशिवाय दुसऱ्या विषयाला हात लावू नये.

सरकारची वाट न पाहता गेल्या उन्हाळ्यात मी एक मोजा शिवून घेतला. सुती मोजा, अंगठा आणि दोन बोटांवर वीजवाहक कापडाच्या पट्ट्या, वर पाणी न धरणारा लेप. अंगठ्याची पट्टी नेमकी त्याच्या पोटावर, जिथं पुस्तकात सर्वांत जास्त ग्राहकं दाखवतात तिथं. काकूनं मोजा घातला, एक बी उचलली, दाबली, आणि लगेच काढून माझ्या हातात दिला.

“माझा बोट हयसून दाबता,” अंगठ्याची नखाजवळची कड दाखवत ती म्हणाली, “आणि तुझी पट्टी थंयसर आसा.”

अंगठ्याच्या पोटाची जाण चिकानं कधीच गेली होती. ती गेली तेव्हा तिनं दाबायची जागा नखाच्या कडेला नेली, आणि हे गेल्या किती वर्षांत मला कधी दिसलं नव्हतं. त्या रात्री मी पट्टी उसवली आणि कडेला नव्यानं शिवली.